पूर पॉलिसीत आहे, मग इंजिनाचे पैसे का नाहीत?

25 सप्टेंबर 2019 ची रात्र आंबिल ओढ्याकाठी राहणारं कुणी विसरणार नाही. कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाले कॉलनीपर्यंत ओढा घराघरांत शिरला, गाड्या एकमेकींवर चढल्या, भिंती गेल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ओळखीतल्या एका काकांचा मला फोन. त्यांची मोटार बेसमेंटमध्ये सीटपर्यंत पाण्यात बुडालेली. पाणी उतरल्यावर त्यांनी काय केलं असेल? आपण सगळेच जे करतो तेच. किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी आतून ठक् असा आवाज आला आणि मग काहीच नाही.

"अरे, पूर पॉलिसीत आहे ना?"

"आहे, काका."

"मग झालं तर."

झालं मात्र नाही. महिन्याभरानं कंपनीनं सीट, कार्पेट, वायरिंग, ऑइल बदलणं, साफसफाई यांचे पैसे दिले. इंजिनाचे दिले नाहीत, आणि सगळ्यांत मोठा आकडा इंजिनाचाच होता. काका पत्र घेऊन घरी आले. "धोका आहे म्हणून मी विमा काढला. आता हे म्हणतात, धोका तुम्हीच वाढवलात. अरे, धोका एक की दोन?"

खरं म्हणजे तीन. आणि मराठीत तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो, इथूनच घोळ सुरू होतो.

माझं काम सर्व्हेअरचं. नुकसान झालं की विमा कंपनी पाहणीला ज्याला पाठवते तो मी. लायसन्स विमा नियामकाचं, फी कंपनीची, शिव्या दोन्हीकडच्या. या धंद्यात बहुतेक भांडणं पैशावरून दिसतात, पण कागद उलगडले की ती शब्दांवरून निघतात. म्हणून आज शब्दच.

वाडा, बाण आणि रद्दी

नारायण पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. सागवानी खांब, कडीपाटाचं छत, जिन्याखाली रचलेली रद्दी, चाळीस वर्षांपूर्वीचं वायरिंग, आणि गल्ली इतकी चिंचोळी की अग्निशमनचा बंब तोंडाशीच अडावा. दिवाळीच्या रात्री कुणाचा तरी बाण सुटतो, पोटमाळ्याच्या झरोक्यातून आत जातो आणि वाडा पेटतो.

इथे आग हे ‘पेरिल’. नुकसान प्रत्यक्ष घडवणारं संकट. पूर, वीज पडणं, भूकंप, चोरी, टक्कर, हे सगळे पेरिल. पॉलिसीत यादी असते ती यांची.

रद्दी, जुनं वायरिंग, लाकूड आणि चिंचोळी गल्ली हे ‘हॅझार्ड’. ही संकटं नव्हेत. रद्दीनं आजवर कुणाचं घर स्वतःहून जाळलेलं नाही. पण संकट यायची शक्यता किंवा आल्यावर त्याचा घास मोठा व्हायची शक्यता ती वाढवते. हे दोन वेगळे गुण आहेत. जुनं वायरिंग आग लागण्याची शक्यता वाढवतं. चिंचोळी गल्ली आग लावत नाही, लागलेली विझू देत नाही. पाहणीच्या अहवालात मी दोन्ही वेगवेगळी लिहितो, कारण कंपनीचा माणूस प्रीमियम ठरवताना दोन्हीचा वेगळा विचार करतो.

आणि ‘रिस्क’ म्हणजे या सगळ्याचा हिशेब: आग लागण्याची शक्यता किती, आणि लागली तर जाणार किती. ती आकड्यांत मांडता येते, निदान मांडायचा प्रयत्न करता येतो. पेरिल घडतं, हॅझार्ड दिसतं, रिस्क मोजायची असते.

मराठीत तिघांचं नाव ‘धोका’. पावसाळ्यात नदीपात्रातल्या रस्त्यावर पाटी असते, "पुढे धोका आहे". पाणी हा धोका, उतारावरचं शेवाळं हा धोका, आणि वाहून जायची शक्यताही धोकाच. पाटीला हे पुरतं. पॉलिसीला नाही पुरत.

खरं तर आपल्याकडे एक फार चांगला शब्द होता, आणि आहे: जोखीम. माझी आजी एसटीनं निघाली की म्हणायची, "अंगावर जोखीम आहे रे, खिडकीपाशी नको बसू." जोखीम म्हणजे तिच्या पाटल्या! ज्या वस्तूला धोका आहे ती वस्तूच जोखीम. गंमत अशी की विमा कंपनीच्या ऑफिसातही नेमकं हेच चालतं. "उद्या भोसरीची रिस्क बघून ये," असं साहेब म्हणाले की मला एका कारखान्यात जायचं असतं. शक्यता आणि वस्तू दोन्ही एकाच शब्दात. आजीला विम्यातलं काही कळत नव्हतं, पण शब्द तिचा बरोबर होता.

हा शब्द व्यापारातही मुरलेला होता. हुंडीच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या पैसे देण्याच्या चिठ्ठीच्या, प्रकारांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता: माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. उधारी आणि विमा एकाच कागदावर. ‘विमा’ हा शब्दही बाहेरून आलेला, फारसी ‘बीम’वरून. बीम म्हणजे भीती.

भीतीची वाटणी कशी होते

हे थोडक्यात, कारण याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. शेअरमध्ये पैसे घातले तर बुडतीलही, वाढतीलही. ही सट्ट्याची जोखीम, हिचा विमा निघत नाही. घर जळालं तर फक्त जातंच, मिळत काही नाही. ही शुद्ध जोखीम, विमा हिचाच.

समजा दहा हजार फ्लॅट आहेत, प्रत्येकाचं बांधकाम पन्नास लाखांचं, आणि अनुभव असा की वर्षाला त्यातला सरासरी एक पूर्ण जळतो. कोणता ते कुणालाच माहीत नाही. पण प्रत्येकानं पाचशे रुपये काढले तर बरोबर पन्नास लाख जमतात. भिशीसारखंच, फरक एवढाच की या भिशीत आपला नंबर लागू नये अशी सगळ्यांची इच्छा असते.

आता तेच दहा हजार फ्लॅट एकाच नदीच्या काठावर आहेत असं धरा. मग वर्षानुवर्षं एकही बुडणार नाही आणि एका सकाळी सगळे बुडतील. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांचं असंच झालं. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगच्या पार्किंग पाण्याखाली गेली. म्हणून कंपन्या आपल्याकडच्या जोखमीचा काही भाग पुढे दुसऱ्या, मोठ्या कंपनीकडे उतरवतात. विमा कंपनीचा विमा. त्याला पुनर्विमा म्हणतात. सरकारी जीआयसी री हेच काम करते.

यादीत आहे म्हणजे काय

आगीच्या पॉलिसीला लोक ‘फायर पॉलिसी’ म्हणतात, पण तिची यादी आगीपेक्षा बरीच लांब आहे. वीज, स्फोट, विमान पडणं, दंगल, वादळ, पूर, वाहनाची धडक, दरड, पाण्याची टाकी फुटणं किंवा ओसंडणं, वणवा, आणि क्षेपणास्त्राची चाचणी. होय, तीसुद्धा. पाषाणला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आहेत म्हणून पुण्यासाठी खास घातलेली नाही. देशभर छापील यादीतच आहे. घरांसाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या मजकुराची पॉलिसी प्रत्येक साधारण विमा कंपनीला विकावी लागते. तीत भूकंपही धरलेला आहे, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, इतकं संरक्षण आपोआप मिळतं.

आता पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीचा सनातन प्रश्न: वरच्यांच्या बाथरूममधून माझ्या छतावर ओल येते, विमा मिळेल का?

नाही. टाकी फुटली तर मिळेल, कारण ती अचानक घडलेली घटना आहे. ओल ही घटना नव्हे, ती सवय आहे. हळूहळू झिजणं, गंजणं, पाझरणं, वाळवी लागणं हे पेरिलच्या यादीत बसत नाही, कारण ते होणार की नाही हा प्रश्नच नसतो. ते होणारच असतं, फक्त कधी ते ठरायचं असतं. घरादारात, वस्तूंत होणारच अशा गोष्टीचा विमा निघत नाही, तिची देखभाल करावी लागते. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "मग विमा घेऊन उपयोग काय?" आणि वरच्या मजल्याकडे बघतो. तिकडे बघणं चूक नाही, पण तो दायित्वाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई कायद्यानं कुणाकडे येते याचा, प्रश्न आहे. त्याकडे येतोच.

आणखी एक चूक मी सतत बघतो. कोथरूडचा फ्लॅट दीड कोटीचा, म्हणून विमा दीड कोटीचा मागायचा. त्यातली मोठी रक्कम जागेची असते आणि जागा जळत नाही. विमा बांधकामाचा: चटई क्षेत्र गुणिले आज तसंच बांधायला येणारा दर. उलट चूक दुकानदारांची असते. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात माल चाळीस लाखांचा आणि प्रीमियम वाचवायला विमा वीस लाखांचा. आग लागली, माल दहा लाखांचा जळाला. मालक म्हणतो, "दहा तर वीसच्या आत आहे." पण त्यानं निम्म्या मालाचाच विमा घेतला, म्हणजे उरलेल्या निम्म्याचा विमेदार तो स्वतः. मिळणार पाच लाख. या कलमाला धंद्यात ‘ॲव्हरेज’ म्हणतात. ‘भारत गृह रक्षा’त घरमालकांना हे लागू नाही, पण दुकानात मी याच्यावरून माणसं रडताना पाहिली आहेत.

हॅझार्डचे तीन चेहरे

रद्दी आणि वायरिंग हे हाताला लागणारे हॅझार्ड. सदाशिव पेठेत, नव्या पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात. एखादा घरमालक आपल्या राहत्या घराच्या दोन खोल्यांची अभ्यासिका करतो: तीस टेबलं, तीस दिवे, तीस चार्जर, चहासाठी एक शेगडी. त्यात वावगं काही नाही. पण पॉलिसीवर लिहिलंय ‘निवासी’. वापर बदलला की हॅझार्ड बदललं आणि ते कंपनीला कळवायला हवं. विमा हा परम सद्भावाचा करार मानतात. भाजी घेताना विकणारा सगळं सांगत नाही, बघून घेणं आपलं काम. इथे उलट आहे. घराबद्दल, शरीराबद्दल जे तुम्हाला माहीत आहे ते कंपनीला दिसत नाही, म्हणून सांगायची जबाबदारी तुमची.

मात्र याला कायद्यानं मुदतीची लगाम घातली आहे. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे आयुर्विम्याला तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणानं पॉलिसीवर शंका घेता येत नाही. आरोग्य विम्यात 2024 पासून सलग 60 महिने झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती लपवल्याच्या कारणानं क्लेम नाकारता येत नाही. मधुमेह लपवण्याचा सल्ला देणारे एजंट मला भेटले आहेत. त्यांचं कमिशन पहिल्या वर्षी येतं, तुमचा क्लेम चौथ्या वर्षी.

दुसरा चेहरा म्हणजे ‘मॉरल हॅझार्ड’. याचं भाषांतर ‘नैतिक धोका’ असं वाचलं की मला प्रवचन ऐकल्यासारखं वाटतं. साधा अर्थ, माणसाची नियत. मंदीत आलेल्या गोदामाला वर्ष संपताना लागणारी आग. सर्व्हेअर राख बघायच्या आधी वह्या बघतो, ते यासाठी.

तिसरा चेहरा मला सगळ्यांत ओळखीचा, कारण तो आरशातही दिसतो. ‘मोराल हॅझार्ड’, ‘मॉरल’चा सख्खा भाऊ, पण वेगळा. इथे नियत साफ असते, फक्त काळजी सैल पडते. "विमा आहे ना, मग काय!" डेअरीपाशी स्कूटरला किल्ली तशीच ठेवून दूध आणायला जायचं. दोन मिनिटांचं काम. गाडी गेली की कंपनी पहिली मागणी करते ती दोन्ही मूळ किल्ल्यांची, आणि माणूस एकच काढून देतो. पॉलिसीत ‘वाजवी काळजी’ घेण्याची अट असते. अशा काही प्रकरणांत न्यायालयांनी पूर्ण नकार न मानता पाऊण रक्कम द्यायला लावली आहे. धंद्यात त्याला ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणतात. पण पाऊण मिळवायला वर्षं जातात.

याच तिसऱ्या चेहऱ्यासाठी कंपन्यांनी उपाय केलेत. मोटारीच्या प्रत्येक क्लेममध्ये पहिले 1,000 रुपये तुमचे, इंजिन 1,500 सीसीच्या वर असेल तर 2,000. रक्कम फुटकळ आहे, पण ती नसती तर प्रत्येक ओरखड्याचा क्लेम आला असता. आणि क्लेम न केल्याचं बक्षीस, नो क्लेम बोनस, म्हणजे पुढच्या प्रीमियममध्ये सूट: पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 25, 35, 45, आणि पाचव्या वर्षी 50. तीन हजारांचा ओरखडा दाखवून 50 टक्क्यांचा बोनस घालवणारे लोक आहेत. मी सांगून बघतो, ऐकत नाहीत.

काकांचं इंजिन

आता काकांकडे परत. पूर हे पेरिल, पॉलिसीत होतं. बेसमेंट हे हॅझार्ड, त्याबद्दल कंपनीनं अवाक्षर काढलं नाही. बेसमेंटमध्ये गाडी लावणं हा गुन्हा नाही. मग अडलं कुठे?

इंजिनात सिलिंडर असतो, त्यात पिस्टन वर येतो आणि हवा दाबतो. हवा दबते. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किल्ली फिरवली की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजवाले याला ‘हायड्रो लॉक’ म्हणतात. काकांना ऐकू आलेला ठक् तोच.

म्हणजे पाण्यानं इंजिन भिजवलं, किल्लीनं ते मोडलं. विम्यात नियम असा की नुकसानीचं ‘निकटचं कारण’ शोधायचं. निकटचं म्हणजे घड्याळानं जवळचं नव्हे, जोरानं जवळचं. घटनांच्या साखळीला मुळात ढकललं कुणी, आणि मध्येच दुसऱ्या कुणी नव्यानं ढकललं का? कापडाच्या दुकानात वरच्या मजल्यावर आग लागली, अग्निशमनच्या पाण्यानं खालच्या मजल्यावरच्या पैठण्या भिजल्या, एकही जळाली नाही. कारण कोणतं? आगच. बंबाचं पाणी हा आगीचा सरळ परिणाम, मध्ये नवं काही आलं नाही. पैठण्यांचे पैसे मिळतात. काकांच्या बाबतीत कंपनी म्हणते, पूर इंजिन भिजवून थांबला होता. गाडी टो करून नेली असती तर साफसफाईत सुटली असती. किल्ली हा नवा धक्का, आणि त्यातून झालेलं ते ‘परिणामी नुकसान’. ते मोटार पॉलिसीत वगळलेलं असतं. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोड घ्यावी लागते.

मला विचाराल तर हा निकाल तर्काला धरून आहे आणि माणसाला धरून नाही. बुडालेली गाडी सुरू करून बघणं ही मूर्खपणाची नव्हे, घाबरलेल्या माणसाची कृती आहे. ही एक ओळ ठळक अक्षरांत पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापायला कुणाचं काही जात नाही: पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नका, बॅटरी काढा, टो करा.

तिसरा माणूस

आत्तापर्यंत बोललो ते आपल्या वस्तूंबद्दल. इथे एक सोय असते: नुकसानाला वरची मर्यादा आहे. साठ हजारांच्या स्कूटरचं साठ हजारांपेक्षा जास्त काय जाणार?

दायित्वाला अशी मर्यादा नाही. तिथे मोजमाप तुमच्या वस्तूच्या किमतीवरून होत नाही, समोरच्याच्या आयुष्यावरून होतं. आणि बहुतेक पुणेकर यालाच सगळ्यांत कमी घाबरतात.

‘थर्ड पार्टी’ हा शब्द सगळे बोलतात, पण तिसरा कोण हे विचारलं की अडखळतात. करारात पहिले तुम्ही, दुसरी कंपनी. ज्याचा या कराराशी काही संबंध नव्हता आणि जो सकाळी फक्त कामावर निघाला होता, तो तिसरा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 146 सांगतं की त्या तिसऱ्यासाठीचा विमा नसेल तर सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणायचीच नाही. हा विमा तुमच्या भल्यासाठी सक्तीचा केलेला नाही, त्याच्यासाठी केलाय.

रक्कम कशी ठरते ते एकदा करून बघू. सिंहगड रस्त्यावर एका स्कूटरच्या धडकेनं 32 वर्षांचा कायम नोकरीतला माणूस गेला. पगार महिना 30,000. घरी बायको, मुलगा, आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेल्या रीतीनं हिशेब करतं. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम, म्हणून पुढच्या वाढीचे 50 टक्के मिळवायचे: 45,000. तीन जण अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा: 30,000. वर्षाचे 3,60,000. बत्तिसाव्या वर्षाचा गुणक 16. एकूण 57 लाख 60 हजार. इतर किरकोळ रकमा वेगळ्या.

साठ हजारांची स्कूटर आणि जवळजवळ अठ्ठावन्न लाखांचं दायित्व. मृत्यू आणि दुखापतीसाठी थर्ड पार्टी विम्यात कंपनीच्या देण्याला मर्यादा नाही, म्हणून ती रक्कम कंपनी देते. विम्याची मुदत आदल्या महिन्यात संपली असेल तर ती मालकाकडून वसूल होते. पगारातून, फ्लॅटमधून, जिथून निघेल तिथून. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर अनेकदा न्यायालय कंपनीला म्हणतं, आधी त्या कुटुंबाला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे सोळा वर्षांच्या चिरंजीवांना क्लासला जायला स्कूटर देणाऱ्या वडिलांना विमा असूनही सुटका नाही.

मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे, मोटारीसाठी साधारण साडेसात लाख. आणि मागे बसलेला? डबलसीट हा पुण्याचा राष्ट्रीय वाहतूक प्रकार, म्हणून हे नीट वाचा. दुचाकीची पॉलिसी फक्त कायद्यापुरती, निव्वळ थर्ड पार्टी असेल तर मागे फुकट बसलेला माणूस तीत आपोआप येत नाही. संपूर्ण पॅकेज पॉलिसीत येतो. स्वस्तातली पॉलिसी घेऊन रोज बायकोला ऑफिसला सोडणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

दायित्वाबद्दल एक गोष्ट पचायला जड जाते. कंपनी पैसे देते ते समोरच्याला त्रास झाला म्हणून नाही, तर त्या त्रासाला कायद्यानं तुम्ही जबाबदार ठरलात म्हणून. अंगणातल्या आंब्यावरून पोरगा स्वतःहून पडला तर तुम्हाला वाईट वाटेल, दवाखान्यात न्याल, खर्चही कराल. ती माणुसकी. मोडकी भिंत माहीत असून दुरुस्त केली नाही आणि ती रस्त्यावर पडली, ते दायित्व. मधला शब्द निष्काळजीपणा. वरच्या मजल्याच्या ओलीचंही हेच. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीनं बघायची, फ्लॅटच्या आतली ज्याची त्यानं. पाइप फुटलाय हे सांगूनही जो वर्षभर ढिम्म राहतो, तो दायित्वाच्या दिशेनं चाललेला असतो.

5 ऑक्टोबर 2018 ला मंगळवार पेठेत जुन्या बाजाराच्या चौकात होर्डिंगचा लोखंडी सांगाडा सिग्नलला थांबलेल्या लोकांवर कोसळला. चौघे गेले. सिग्नलला थांबणं याहून सुरक्षित काय असतं? तिसरा माणूस म्हणजे काय, हे मला त्या दिवसाइतकं दुसऱ्या कशानं कळलेलं नाही.

काही ठिकाणी निष्काळजीपणा सिद्ध करायचीही गरज राहत नाही. 1868 मध्ये इंग्लंडात एका खटल्यात ठरलं की स्वतःच्या जमिनीवर तलाव बांधलास आणि पाणी फुटून शेजाऱ्याच्या खाणीत गेलं, तर तुझी चूक असो-नसो, भरपाई तुझी. पण त्यात ‘दैवी आपत्ती’सारख्या पळवाटा होत्या. 1984 चं भोपाळ झालं, डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली, आणि त्या प्रकरणात सरन्यायाधीश भगवती यांनी पळवाटाच बंद केल्या: घातक उद्योगातून गळती झाली तर दायित्व संपूर्ण, कोणतीही सबब चालणार नाही. 1991 मध्ये घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना दायित्वाचा विमा सक्तीचा करणारा कायदा आला. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत गेलो की फाटकावरच त्या पॉलिसीची चौकशी करतो.

जाता जाता रस्त्यावरच्या भांडणांबद्दल. चौकात गाडीला गाडी घासली की गर्दी न्यायाधीश होते आणि "दोन हजार देऊन टाका" असा निकाल देते. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नये, तडजोड करू नये, अशी पॉलिसीत अट असते. जखमीला आधी दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा, फोटो काढा. आणि दुसऱ्याच्या चुकीनं तुमची गाडी चेपली असेल तर त्याला "जाऊ द्या, माफ केलं" असं लिहून देऊ नका. तुमचे पैसे दिल्यावर त्याच्याकडून वसूल करायचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो, आणि तुम्ही तो आधीच सोडून दिला असेल तर कंपनी तुमच्याकडेच बोट दाखवेल.

काकांनी पुढच्या नूतनीकरणाला ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलं. पॉलिसी मला आणून दाखवली, मी प्रत्येक पान वाचून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. जूनचा पहिला पाऊस पडला आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अरे, आता ते इंजिनाचं पण घेतलंय ना आपण?"

"हो, काका."

"मग यंदा गाडी बेसमेंटमध्येच राहू देऊ का?"